बटन दाबलं जातंय, पण काहीच होत नाही (जावा, स्विंग)

पाचवं_सेम | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. डिप्लोमा कॉम्प्युटर, पाचवं सेमिस्टर. ॲडव्हान्स्ड जावाच्या मायक्रो-प्रोजेक्टसाठी स्विंगमध्ये (जावात खिडक्या-बटनं बनवायचं साहित्य) दुधाच्या पावतीचा प्रोग्रॅम करतोय. आमच्या घरी दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून साठेक जण दूध घालायला येतात आणि पप्पा अजून कॅल्क्युलेटर आणि वहीवरच हिशेब करतात. म्हटलं, प्रोजेक्टही होईल आणि घरचं कामही.

खिडकी छान उघडते. वर लिटर आणि दर असे दोन रकाने, खाली 'कॅल्क्युलेट' आणि 'क्लिअर' अशी दोन बटनं. बटन दाबलं की आत जातं, बाहेर येतं, बस्स. ना रक्कम दिसते ना एरर येते. दोन रात्री गेल्या. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोड उच्चाराप्रमाणेच देतो, समजून घ्या:

क्लास पावती एक्स्टेंड्स जेफ्रेम इम्प्लिमेंट्स ॲक्शनलिसनर {
  जेबटन हिशेब, पुसा;
  जेटेक्स्टफील्ड लिटर, दर;
  जेलेबल रक्कम;

  पावती() {
    जेटेक्स्टफील्ड लिटर = न्यू जेटेक्स्टफील्ड(१०);
    जेटेक्स्टफील्ड दर = न्यू जेटेक्स्टफील्ड(१०);
    जेबटन हिशेब = न्यू जेबटन("कॅल्क्युलेट");
    हिशेब.ॲडॲक्शनलिसनर(धिस);
    // बाकी मांडणी
  }

  पब्लिक व्हॉइड ॲक्शनपरफॉर्म्ड(ॲक्शनइव्हेंट ई) {
    इफ (ई.गेटसोर्स() == हिशेब) {
      // लिटर गुणिले दर, मग रक्कम.सेटटेक्स्ट
    }
  }
}

बुधवारी सबमिशन आहे. कुणीतरी बघा ना.

---

कंसातला_कावळा | रविवार, रात्री ११:२४

ॲडॲक्शनलिसनर, म्हणजे 'दाबलं की याला कळव' असं बटनाला सांगणारी ओळ, विसरला असशील. सगळे तेच विसरतात.

---

पाचवं_सेम | रविवार, रात्री ११:२६

दादा, आहे की. वरच्या कोडमध्ये पाचव्या... थांबा, मोजतो. कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे खिडकी बनवणाऱ्या 'पावती()' च्या, शेवटी आहे बघा.

---

कंसातला_कावळा | रविवार, रात्री ११:२७

कोड न वाचताच उत्तर दिलं, माफी. मग माउसलिसनर (माउसच्या घटना ऐकणारा) लावून बघ, माउसक्लिक्डमध्ये टाक सगळं. माझं असंच सुटलं होतं एकदा.

---

लॅबवाल्या_बाई | सोमवार, सकाळी ६:५०

कावळ्या, पोराला वाट दाखव, आडवाट नको. बटनाला माउसलिसनर लावला की तीन घोटाळे होतात. एक, कीबोर्डवरून बटनावर जाऊन स्पेस दाबली तर काहीच होत नाही, कारण माउस हललेलाच नाही. दोन, दाबताना हात जरासा सरकला तरी माउसक्लिक्ड येत नाही. बटन दाबल्यासारखं दिसतं आणि क्लिक मात्र हरवतो. तिसरा घोटाळा सगळ्यात वाईट. स्विंगचं बटन सेटएनेबल्ड(फॉल्स) करून बंद केलं, तरी माउसच्या घटना त्याच्याकडे येतच राहतात. म्हणजे करडं पडलेलं बटनसुद्धा काम करतं! दर वर्षी तोंडी परीक्षेला एक तरी ग्रुप हे घेऊन येतो.

ॲक्शनलिसनरला बटन कशानं दाबलं याच्याशी देणंघेणं नसतं. माउस असो, स्पेस असो, कोडमधून केलेलं डूक्लिक असो, 'काम कर' एवढा एकच निरोप येतो. बटनाला तेच हवं.

आता तुझा प्रश्न. कन्स्ट्रक्टरमधली 'जेबटन हिशेब = न्यू जेबटन' ही ओळ पुन्हा वाच. 'जेबटन' हा शब्द तिथे का आहे?

---

पाचवं_सेम | सोमवार, सकाळी ७:१५

मॅडम, बटन तयार करायचं म्हणून. तो शब्द काढायचा का?

---

जुना_जावेकर | सोमवार, सकाळी ९:०५

बाईंनी बोट बरोबर ठेवलंय, मी जरा फोड करून सांगतो, कारण हा मासा जाळ्यात सापडत नाही तो नेमका का, ते कळायला हवं.

तुझ्या घरात 'हिशेब' नावाची दोन माणसं आहेत. एक वर, क्लासच्या अंगणात. हे क्लासचं फील्ड. त्याला कुणी काही दिलंच नाही, म्हणून ते नल, म्हणजे रिकामं. दुसरं कन्स्ट्रक्टरच्या खोलीत. पुढे 'जेबटन' लिहिलंस, म्हणजे जावाला सांगितलंस की हे नवंच व्हेरिएबल आहे. खऱ्या बटनाचा पत्ता या दुसऱ्याकडे आहे आणि कन्स्ट्रक्टर संपला की तो नाहीसा होतो. बटन मात्र खिडकीत बसलेलं आहे, लिसनरही लागलेला आहे. तू दाबतोस, ॲक्शनपरफॉर्म्ड इमानदारीत चालतं, आणि इफमध्ये खऱ्या बटनाची तुलना होते अंगणातल्या नलशी. उत्तर कायम 'नाही'. नलशी तुलना करणं हा जावाच्या लेखी गुन्हा नाही, म्हणून एररही नाही.

खात्री करायची तर ॲक्शनपरफॉर्म्डच्या अगदी पहिल्या ओळीत, इफच्या बाहेर, एक सिस्टम.आउट.प्रिंटलाइन टाक. ते छापलं गेलं, तर क्लिक पोचतोय आणि दोष आतल्या अटीत आहे. नाही छापलं, तर लिसनरच लागलेला नाही. कंपायलर (कोडचं मशीनसाठी भाषांतर करणारा) यातलं काही सांगणार नाही, त्याच्या दृष्टीनं तुझा प्रोग्रॅम निर्दोष आहे.

---

रिॲक्टवाला | सोमवार, सकाळी १०:३०

आजच्या काळात स्विंग कोण शिकतं? ॲप्लेट गेले, जावाएफएक्ससुद्धा जावा ११ पासून ओरॅकलच्या जेडीकेमधून (जावाचं प्रोग्रॅमिंग किट) बाहेर. वेबवर ये, दहा ओळींत पावती होईल.

---

लॅबवाल्या_बाई | सोमवार, सकाळी १०:४१

बुधवारी सबमिशन आहे आणि अभ्यासक्रमात स्विंग आहे. वेबवर गुरुवारी येईल तो.

---

न्यूजर्सीकर | सोमवार, सायंकाळी ७:२०

आमच्या ऑफिसात बॅक-ऑफिसचं एक ॲप्लिकेशन अजून स्विंगमध्येच चालतं आणि पगार त्याच्यावरच होतो. शिवाय वेबचं ऑनक्लिक काय आणि ॲक्शनलिसनर काय, 'घटना घडली की हे काम कर' असं आधी सांगून ठेवायचं, हा प्रकार दोन्हीकडे एकच.

---

पाचवं_सेम | सोमवार, रात्री ८:०२

काका, मॅडम, खूप खूप आभार! 'जेबटन' शब्द काढला, प्रिंटलाइन छापलं गेलं, इफच्या आतही शिरलं.

पण रक्कम अजूनही येत नाही 😭 आता तर प्रिंटलाइन दिसायचंही बंद झालं.

---

जुना_जावेकर | सोमवार, रात्री ८:१०

प्रोग्रॅम चालवतोस कसा? जारवर (जावा प्रोग्रॅमची बांधलेली फाइल) डबल-क्लिक?

---

पाचवं_सेम | सोमवार, रात्री ८:११

हो. पप्पांना दाखवायला डेस्कटॉपवर ठेवलाय.

---

जुना_जावेकर | सोमवार, रात्री ८:३५

मग बरोबर. विंडोजवर जारला डबल-क्लिक केलं की तो जावाडब्ल्यूनं उघडतो, आणि त्याला काळी खिडकी नसते. प्रिंटलाइन आणि एरर दोन्ही हवेत जातात. कमांड प्रॉम्प्ट उघड, तिथून 'जावा -जार' करून चालव आणि बटन दाब. लाल नसलं तरी लांबलचक काहीतरी येईल, पैजेवर सांगतो.

स्विंगची ही सवय नवशिक्यांचा घात करते. साध्या प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन (चालता चालता येणारी चूक) आलं की प्रोग्रॅम कोसळतो, म्हणजे कळतं तरी. बटनाच्या आत एक्सेप्शन आलं तर फक्त तो क्लिक वाया जातो. खिडकी उभीच राहते, पुढच्या क्लिकला तयार. बघणाऱ्याला वाटतं बटन मेलंय.

---

पाचवं_सेम | सोमवार, रात्री ९:१४

नलपॉइंटरएक्सेप्शन! लिटर.गेटटेक्स्ट() च्या ओळीवर. आणि काका, न सांगता कळलं. लिटर आणि दरच्या पुढेही 'जेटेक्स्टफील्ड' लिहून ठेवलं होतं. तेही काढलं.

आली! १० लिटर, ३४ रुपये दर, ३४० रुपये. आईला बोलावून दाखवलं.

---

कंसातला_कावळा | सोमवार, रात्री ९:१६

पेढे कुठायत? दूध तर घरचंच.

---

पाचवं_सेम | मंगळवार, दुपारी १:३०

पेढे थांबवा. पप्पा म्हणाले बटनावर इंग्रजी नको, 'हिशेब करा' आणि 'पुसा' लिही. दरम्यान मित्राच्या सांगण्यावरून गेटसोर्स काढून इफ (ई.गेटॲक्शनकमांड().इक्वल्स("कॅल्क्युलेट")) असं केलं होतं, तो म्हणाला हे जास्त प्रोफेशनल. बटनावरची अक्षरं बदलली आणि बटन पुन्हा ढिम्म. वर लॅबच्या मशीनवर 'हिशेब करा' च्या जागी कसलीतरी चिन्हं दिसतायत.

---

लॅबवाल्या_बाई | मंगळवार, दुपारी २:०५

दोन वेगळी दुखणी आहेत.

ॲक्शनकमांड वेगळी दिली नसेल तर जावा बटनावरचा मजकूरच कमांड म्हणून वापरतं. तू पाटी बदललीस, इफमधलं नाव जुनंच राहिलं. दुकानाची पाटी बदलली म्हणून गुमास्ता परवान्याचा नंबर बदलतो का? हिशेब.सेटॲक्शनकमांड("हिशेब") असं स्वतः ठरवून दे, मग पाटीवर मराठी लिही नाहीतर मोडी. इक्वल्स वापरलास ते मात्र चांगलं केलंस, निम्मा वर्ग तिथे == लिहितो.

चिन्हांचं कारण निराळं. लॅबमध्ये जेडीके ८ आहे. तुझी फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) साठवलेली आहे आणि जुना जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, ती विंडोजच्या ठरलेल्या एन्कोडिंगनं वाचतो. कंपाइल करताना -एन्कोडिंग यूटीएफ-८ दे. २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ च गृहीत धरलं जातं, म्हणून तुझ्या घरच्या नव्या जेडीकेवर हे दिसलं नाही.

---

जुना_जावेकर | मंगळवार, दुपारी ३:४०

मला विचारशील तर गेटसोर्स आणि गेटॲक्शनकमांड दोन्ही सोड. एकाच ॲक्शनपरफॉर्म्डमध्ये सगळ्या बटनांची रांग लावायची आणि प्रत्येकाला 'तू कोण, तू कोण' विचारत बसायचं, ही एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी झाली. प्रत्येक बटनाला त्याचं काम सरळ नेमून दे:

हिशेब.ॲडॲक्शनलिसनर(ई -> रक्कमकाढा());
पुसा.ॲडॲक्शनलिसनर(ई -> रकानेपुसा());

बाणाच्या या लिखाणाला लॅम्ब्डा म्हणतात. तो २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आला, म्हणजे लॅबच्या मशीनवरही चालेल. ॲक्शनलिसनरमध्ये एकच मेथड आहे म्हणून हे जमतं. माउसलिसनरमध्ये पाच आहेत, तिथे नाही जमणार. आणि पहिल्या दिवशीचा तुझा घोटाळा यात संभवतच नाही, कारण तुलना करायला इफच उरत नाही.

जाता जाता जुनी आठवण. १९९६ च्या पहिल्या जावामध्ये लिसनर हा प्रकारच नव्हता. खिडकीच्या क्लासमध्ये ॲक्शन नावाची मेथड ओव्हरराइड करायची. बटनानं घटना हाताळली नाही तर ती त्याच्या बाहेरच्या डब्याकडे, तिथून त्याच्या बाहेरच्या डब्याकडे, अशी वर चढत जायची. मोठ्या प्रोग्रॅममध्ये त्या एका मेथडचा मारुतीच्या शेपटासारखा इफ-एल्स व्हायचा. १९९७ मध्ये जावा १.१ आलं आणि ज्याला ऐकायचंय त्यानं नाव नोंदवावं, ही आजची पद्धत सुरू झाली. तू इम्प्लिमेंट्स ॲक्शनलिसनर लिहून सगळं एका मेथडमध्ये कोंबतोस, तेव्हा नव्या घरात जुनाच संसार मांडतोस.

---

लॅबवाल्या_बाई | मंगळवार, दुपारी ४:१२

जावेकरांशी सहमत, पण बाहेरचे परीक्षक 'ॲक्शनपरफॉर्म्ड दाखव' म्हणाले तर बोलता आलं पाहिजे. लॅम्ब्डा म्हणजे तीच मेथड थोडक्यात लिहिलेली, एवढं सांगता यायला हवं.

---

पाचवं_सेम | मंगळवार, रात्री १०:२०

लॅम्ब्डा केलं, कोड निम्मा झाला. आता शेवटचा प्रॉब्लेम (असं म्हणायला भीती वाटते). मी 'नवीन पावती' नावाचं तिसरं बटन टाकलं आणि दिवसाची एकूण रक्कम ठेवायला एक फील्ड. दर वेळी १० लिटर, ३४ दर टाकून बघितलं. पहिल्या पावतीला एकूणात ३४० वाढले. 'नवीन पावती' दाबून दुसरी केली तर ६८० वाढले. तिसरीला १३६०. चौथीला २७२०. पप्पा म्हणाले असंच राहू दे, कारखाना काढू.

---

कंसातला_कावळा | मंगळवार, रात्री १०:२४

बुद्धिबळाच्या पटावरचे तांदूळ! या वेळी कोड मागूनच बोलतो. 'नवीन पावती' च्या आत काय बोलावतोस?

---

पाचवं_सेम | मंगळवार, रात्री १०:२६

मांडणी() नावाची मेथड. तीच कन्स्ट्रक्टरमधूनही बोलावतो. त्यात रकाने रिकामे होतात आणि तिन्ही बटनांना ॲडॲक्शनलिसनर... अरे देवा.

---

कंसातला_कावळा | मंगळवार, रात्री १०:३३

हां. 'ॲड' म्हणजे खरंच ॲड. जुना जात नाही, नवा शेजारी येऊन बसतो. जावा तक्रारही करत नाही, एका बटनाला कितीही ऐकणारे चालतात. 'नवीन पावती' लाही तू त्याच मेथडमध्ये लिसनर लावतोस, म्हणून एकाचे दोन, आणि पुढच्या वेळी ते दोघंही मांडणी बोलावतात म्हणून चार. नुसतं हिशेबच्या बटनापुरतं असतं तर एक, दोन, तीन असं वाढलं असतं.

हिशेब.गेटॲक्शनलिसनर्स().लेंग्थ छापून बघ, आकडा समोर येईल. लिसनर कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच लाव, 'नवीन पावती' नं फक्त रकाने पुसावेत.

(बाई, या वेळी आडवाट नाही ना?)

---

लॅबवाल्या_बाई | मंगळवार, रात्री १०:४०

नाही. शाबास.

---

न्यूजर्सीकर | मंगळवार, रात्री ११:०५

सबमिशनच्या आदल्या रात्री सांगतोय, पण रक्कम डबलमध्ये (दशांश आकड्यांचा जावातला साधा प्रकार) ठेवली आहेस का? पैशाला डबल नको. ०.१ आणि ०.२ ची बेरीज डबलमध्ये नेमकी ०.३ येत नाही, शेवटी कचरा लागतो. दिवसभराच्या साठ पावत्यांत एखाद्या पैशाचा फरक पडला तरी दूध घालणारा विचारणारच. बिगडेसिमल (दशांश आकडा नेमका ठेवणारा प्रकार) वापर, आणि तो डबलमधून नाही, रकान्यातल्या मजकुरातून थेट बनव: न्यू बिगडेसिमल(लिटर.गेटटेक्स्ट().ट्रिम()).

आणखी एक, आज नाही तर पुढे लागेल. बटनाच्या कामात थ्रेड.स्लीप किंवा कुठलंही लांबलचक काम टाकू नकोस. खिडकी रंगवणं आणि क्लिक ऐकणं, दोन्ही कामं एकाच थ्रेडकडे (एका वेळी एकच काम करणारा धागा) असतात. तो झोपला की सगळी खिडकी गोठते. थोड्या वेळानं काहीतरी करायचं असेल तर स्विंगचा टायमर, मोठं काम असेल तर स्विंगवर्कर.

---

पाचवं_सेम | बुधवार, सायंकाळी ६:४५

सबमिशन झालं! परीक्षकांनी खरंच विचारलं, 'लॅम्ब्डामध्ये ॲक्शनपरफॉर्म्ड कुठे आहे?' मॅडम, तुमच्यामुळे वाचलो.

पण खरी गंमत सकाळीच झाली. रात्री बिगडेसिमल करायचा कंटाळा केला आणि पप्पांना जुनाच जार वापरायला दिला. त्यांच्या मशीनवर मराठी कीबोर्ड चालू होता. दर त्यांनी ३४ असा देवनागरीत टाकला, लिटर ७.५, तेही देवनागरीत. बटन ढिम्म. या वेळी शहाण्यासारखा कमांड प्रॉम्प्टमधून चालवला, तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, लिटरच्या ओळीवर. दराची ओळ त्याच्या आधी होती, ती बिनबोभाट पार! मजकुराचा आकडा करायला दराला इंटिजर.पार्सइंट आहे, लिटरला डबल.पार्सडबल. एकाला मराठी आकडे कळतात आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?

---

जुना_जावेकर | बुधवार, रात्री ८:१५

असंच आहे. पार्सइंट प्रत्येक अक्षर कॅरॅक्टर.डिजिटकडे नेऊन विचारतं, 'हा कुठला अंक?' त्याला युनिकोडमधले सगळे अंक ठाऊक आहेत, देवनागरीही. पार्सडबलला फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) चालतात. बिगडेसिमलचा मजकुरावरून बनणारा कन्स्ट्रक्टर पुन्हा कॅरॅक्टर.डिजिटच्याच पंक्तीतला, त्यामुळे देवनागरी ७.५ त्याला चालतं. मधलं टिंब मात्र साधं पूर्णविरामाचंच हवं. न्यूजर्सीकरांचं काल रात्रीच ऐकलं असतंस तर हे दिसलंच नसतं.

रिकामा रकाना त्यालाही पचत नाही. एक्सेप्शन झेलायला ट्राय-कॅच लाव आणि कॅचमध्ये जेऑप्शनपेनमधून (निरोपाची छोटी खिडकी) 'लिटरचा आकडा बघा' असं दाखव. घरात कमांड प्रॉम्प्ट कोण उघडणार?

---

पाचवं_सेम | गुरुवार, सकाळी ९:३०

बिगडेसिमल केलं, चाललं. आज सकाळी अठ्ठावीस पावत्या त्याच्यावर झाल्या. पप्पांची एकच तक्रार आहे. दूध मापताना हात ओले असतात, माउस धरवत नाही. एंटर दाबून हिशेब होईल का?

---

लॅबवाल्या_बाई | गुरुवार, दुपारी १२:२०

गेटरूटपेन().सेटडिफॉल्टबटन(हिशेब). एकच ओळ. पण मग रकान्यांना स्वतंत्र ॲक्शनलिसनर लावू नकोस. लावलास तर एंटर रकानाच गिळतो, बटनापर्यंत पोचत नाही. लिटरवर एंटर दाबल्यावर कर्सर दराच्या रकान्यात न्यायचा असेल, तर मात्र फक्त लिटरला लाव आणि आत दर.रिक्वेस्टफोकस() लिही. मग लिटर, एंटर, दर, एंटर, झाला हिशेब.

---

पाचवं_सेम | गुरुवार, रात्री ९:०५

मॅडम, तुमचं दुसरं, कर्सर पुढे नेणारंच केलं. पप्पांनी माउस काढून कपाटात ठेवलाय, आणि कीबोर्डवर आईनं प्लास्टिकची पिशवी चढवलीय.